दुसरा जोड

सुमन मंगळवारी गेली. सकाळी तिने चहा टाकला, गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून खाली बसली. मी बाहेरच्या खोलीत वाचत होतो. चहा आला नाही म्हणून उठलो. नऊ वाजता डॉक्टरांनी ती गेल्याचं सांगितलं. चार वाजता आम्ही तिला नदीवर नेलं. घरी आलो तेव्हा ओट्यावर दोन कप होते.

तेव्हा बांध्यांमध्ये धान निसवत होतं. आता कापणी झाली, चुरणी म्हणजे मळणीही झाली. वरठीच्या आमच्या गल्लीत सकाळी ताज्या तणसाचा वास येतो, कारण शेजारी गाय आहे आणि तिचा वर्षभराचा चारा भिंतीला लागून रचलेला आहे. सहाच्या पाळीला पोलादाच्या कारखान्यात जाणारी माणसं मफलर कानांवरून घट्ट बांधून सायकली हाणत जातात. धुक्यात माणूस दिसत नाही, आधी चेनकव्हरचा खडखडाट येतो. भंडाऱ्याकडे जाताना नदीवरचा कारध्याचा पूल लागत नाही, तो शहराच्या पलीकडे आहे. पण या दिवसांत नदीवरचं धुकं भंडाऱ्यात शिरतं आणि आमच्या वाचनालयाची खिडकी उघडली की पुस्तकांच्या पाठींवर ओल धरते. गेली तीस वर्षं मी हिवाळा असाच ओळखत आलो, पुस्तकांच्या पाठींवरून.

दर वर्षी या दिवसांत घरातली लोखंडी पेटी उघडते. यंदा ती मी उघडली. वर दोन शाली होत्या, खाली माझा कोट आणि त्याखाली सुमनचा तपकिरी स्वेटर. मी तो अंगणात नेला, उलटा केला आणि नकळत काखेची शिवण दोन्ही अंगठ्यांनी फाकवून पाहिली. मग गळ्याची. मग कमरेची. शिवणीत काही नव्हतं. असायचं कारणच नव्हतं. पण हा क्रम माझ्या हातांना सात हिवाळ्यांपूर्वी लागला, आणि हात मला विचारून काही करत नाहीत.

सुमन सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. मी भंडाऱ्यातल्या एका वाचनालयात ग्रंथपाल. आमच्या वाचनालयाच्या भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा आहे. गोंदिया वेगळा झाला, तरी त्या नकाशात तो अजून आमच्यातच आहे. नकाशा बदलायचं कोणाला सुचलं नाही, मलाही नाही. मला एखादी गोष्ट कळायची तर ती आधी छापलेली दिसावी लागते. सुमनचं तसं नव्हतं. ती माणसाच्या जवळ जाऊन उभी राहायची आणि तिला कळायचं.

वरठीच्या स्टेशनच्या बाहेर जुन्या सायकलस्टँडचं पत्र्याचं छप्पर आहे. सायकली आता दुसरीकडे लागतात. त्या छपराखाली तेव्हा आठ-दहा माणसं राहायची. काही जण गाडीतून उतरलेले आणि परत न चढलेले, काही जण वीस किलोमीटरच्या आतल्या गावांचे. थंडीत ती तणस अंथरून झोपायची आणि असतील नसतील ते सगळे कपडे अंगावर चढवायची. दोन सदरे, वर स्वेटर, वर फाटका कोट, वर पोतं. ते कपडे दिवाळीनंतर अंगावर चढत आणि होळीपर्यंत उतरत नसत. त्या कपड्यांत उवा होत्या.

डोक्यातली ऊ सगळ्यांना माहीत असते. शाळेत जाणाऱ्या मुलीची आई फणी घेऊन बसते आणि ती गोष्ट संपते. ही ऊ वेगळी. ही अंगावर राहत नाही, कपड्यात राहते. शिवणीत लपते, तिथेच लिखा घालते, भूक लागली की अंगावर येते, रक्त पिते आणि परत शिवणीत जाते. हे मी वाचनालयातल्या एका जाड ग्रंथात वाचलं. त्यात असंही होतं की माणूस कपडे घालू लागला त्यानंतर ही ऊ झाली. म्हणजे तिचं सगळं आयुष्य माणसाच्या कपड्यावर आहे. आणि ज्याच्याकडे कपड्याचा दुसरा जोड आहे, जो रोज एक काढतो, धुतो आणि दुसरा घालतो, त्याच्याकडे ती टिकत नाही. मी ते पान सुमनला दाखवलं. तिने वाचलं आणि पुस्तक माझ्या हातात परत दिलं.

"म्हणजे हा रोग उवेचा नाहीच," ती म्हणाली. "दुसरा जोड नसण्याचा आहे."

पण त्या पानापर्यंत आम्ही पोचलो त्याच्या आधीच्या हिवाळ्यात सुमनच्या हातून एक चूक झाली होती. ती चूक सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही.

छपराखाली भागाबाई नावाची एक म्हातारी होती. साठीची असेल, कदाचित जास्त. मोहाडीकडच्या एका गावची. नवरा वारल्यावर तिथलं घर सुटलं, ते कसं सुटलं हे तिने कधी सांगितलं नाही. खाजवून खाजवून तिच्या पाठीवर आणि कमरेवर जखमा झाल्या होत्या आणि त्यात पू झाला होता. सुमनने तिला दवाखान्यात आणलं, गरम पाण्याने न्हाऊ घातलं, जखमांना औषध लावलं, नवं लुगडं दिलं. ती ते नेसत होती तेवढ्या वेळात तिचं कपड्यांचं गाठोडं दवाखान्याच्या मागे नेऊन त्यावर रॉकेल ओतलं. तेव्हा सगळे असंच करायचे. नवे कपडे द्यायचे, जुने जाळायचे.

भागाबाई न्हाऊन बाहेर आली आणि म्हणाली, "माहं बोचकं?"

त्या बोचक्यात तिच्या नवऱ्याचा सदरा होता.

ती रडली नाही, भांडली नाही. सुमनने मला सांगितलं, ती राखेपाशी बसली आणि काडीने राख उकरत राहिली. तिला दोन बटणं सापडली. ती तिने पदराच्या टोकाला बांधली आणि निघून गेली. तिची गोधडी त्या दिवशी स्टँडच्या कठड्यावर वाळत होती, म्हणून तेवढी वाचली. त्यानंतर सुमन छपराकडे आली की भागाबाई गोधडी गुंडाळून उठायची आणि रुळांच्या बाजूला जाऊन बसायची. नव्या लुगड्यात महिन्याभरात पुन्हा उवा झाल्या, कारण गोधडी तीच होती आणि शेजारची माणसं तीच होती.

वर्षभर सुमन याबद्दल काही बोलली नाही. पण घरात माझा एखादा जुना सदरा पोछ्याला घ्यायचा असला की ती मला दोनदा विचारायला लागली.

पुढच्या हिवाळ्यात दवाखान्यात नव्या डॉक्टर मॅडम आल्या. त्यांनी सुमनला गोळीचं सांगितलं. गोळी नवी नव्हती, खरजेला आणि जंतांना ती देतातच. ती माणसाने पोटात घ्यायची. औषध रक्तात उतरतं, ऊ ते रक्त पिते आणि मरते. आठव्या दिवशी पुन्हा एक मात्रा. कपड्याला हात लावावा लागत नाही. सुमन त्या दिवशी घरी आली तेव्हा तिचा चेहरा मला आठवतो. चप्पल न काढताच ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सांगत होती.

"कपड्याला हातच लावायचा नाही," हे ती तीनदा म्हणाली.

गोळी वजनाप्रमाणे द्यायची होती, म्हणून वजनकाटा हवा होता. दवाखान्यातला एक जुना काटा मिळाला. तो दोन किलो जास्त दाखवायचा. दर गुरुवारी संध्याकाळी दिवे लागण्याआधी आम्ही छपराकडे जायचो. सुमन काटा जमिनीवर ठेवायची, खालची विटांची फरशी सपाट आहे ना बघायची, एकेकाला उभं करायची. मी वहीत नाव लिहायचो, आकडा लिहायचो आणि त्यातून दोन वजा करायचो. डॉक्टर मॅडमनी आधीच सगळ्यांना येऊन तपासलं होतं, कोणाला गोळी द्यायची नाही तेही लिहून दिलं होतं.

छपराखाली किसन होता. नाकाडोंगरीकडच्या खाणीत त्याने उमेदीची वर्षं घालवली होती आणि तिथेच एका पायाने अधू झाला होता. तो काट्यावर उभा राहिला, वाकून माझ्या वहीत बघू लागला.

"दोन किलो काहून कापून राहिले, सर?"

"काटा दोन किलो जास्त दाखवतो."

"दाखवू द्या नं. कोनी तं आमाले जास्त दाखवते."

सगळे हसले. सुमनने त्याच्या हातावर गोळ्या ठेवल्या आणि समजावलं, "हे तुमच्या रक्तात जाते. ऊ रक्त पेते. पेली का मरते."

"म्हंजे जेवन आमच्या घरचं आन जहरबी आमच्याच घरचं," किसन म्हणाला. "मंग आमी काहून नाई मरत?"

"तुमचं वजन पाहून देते म्हनून. उवेचं वजन कोनी पाहत नाई."

"पाहा नं बाई. माह्या अंगावरच्या सगळ्या धरल्या तं भरते दोन किलो. सरनं कापले ते त्याईचेच असन."

वजन करून घ्यायला माणसं रांग लावायची. आधी मला वाटलं गोळीसाठी. नंतर लक्षात आलं, काट्यासाठीही. कोणीतरी त्यांना सरळ उभं राहायला सांगत होतं, आकडा मोठ्याने वाचत होतं आणि वहीत त्यांच्या नावापुढे लिहीत होतं. एक जण दर वेळी विचारायचा, "सर, मी अजून हाये का वहीत?" मी पान उलटून दाखवायचो.

भागाबाई पहिले दोन गुरुवार रुळांकडेच बसून राहिली. तिसऱ्या गुरुवारी ती छपराच्या खांबाशी येऊन थांबली. गोधडी पोटाशी धरलेली. एका कोपऱ्यावर दोन बटणं शिवलेली मला दिसली. सुमननेही पाहिली असावीत, कारण तिने मान खाली घातली.

"बाई, तुह्या गोळीनं कपडा तं नाई जळन?"

"नाई जळत, मावशी."

"गोधडीले हात लावशीन."

"नाई लावत."

"शपत घे."

आमच्या घरात शपथ घ्यायची पद्धत नाही. आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला तेव्हापासून घरात देव नाही, आणि ज्याची शपथ घ्यावी असं दुसरं काही आम्ही ठेवलेलं नाही.

"शपत नाई घेत मी," सुमन म्हणाली. "पर हात नाई लावत."

तिने दोन्ही हात पाठीमागे बांधले. भागाबाई काट्यावर चढली. गोधडी तिने खाली ठेवली नाही. मी आकडा वाचला आणि वहीत लिहिला. दोन किलो वजा केले, मग गोधडीचे अंदाजाने अजून दोन. गोळ्या मी दिल्या, पाण्याचा ग्लास मी दिला. सुमन हात मागे बांधून तशीच उभी राहिली, भागाबाईने ग्लास परत देईपर्यंत.

पुढच्या आठवड्यात भागाबाई स्वतःहून आली.

"काय म्हनते मावशी, खाज?"

"परवा मले झोप लागली," ती म्हणाली. "सकाळी सगळे पाह्याले आले, मेली का काय म्हनून."

त्या महिन्याभरात छपराखालच्या जखमा वाळायला लागल्या. संध्याकाळी तिथे गेलं की माणसं नुसती बसलेली दिसायची. नुसतं बसणं म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं. आधी प्रत्येकाचा एक हात सतत कुठेतरी चालू असायचा. आता हात मांडीवर पडलेले असायचे. किसन बिडी शेवटपर्यंत ओढायचा आणि म्हणायचा, खाजवायचं काम गेलं, आता दिवस जात नाही.

संक्रांतीच्या सुमाराला उवा परत आल्या.

आधी किसनच्या कोटात, मग सगळीकडे. डॉक्टर मॅडमना आश्चर्य वाटलं नाही. त्या म्हणाल्या, गोळीने रक्त पिणाऱ्या मरतात, शिवणीतल्या लिखांपर्यंत गोळी पोचत नाही. एकाच्या सुटल्या तरी शेजारच्याच्या पांघरुणातून येतात. कपडे उकळल्याशिवाय किंवा बदलल्याशिवाय हे थांबणार नाही. गोळ्या किती दिवस देत राहणार?

मी सुमनकडे पाहिलं. तिलाही आश्चर्य वाटलेलं नव्हतं.

घरी येताना मी विचारलं, "तुला हे माहीत होतं?"

"होतं."

"मग?"

फाटक बंद होतं, मालगाडी जात होती. शेवटचा डबा गेल्यावर ती म्हणाली, "मला वाटलं, हात न लावता होईल."

या वाक्याचा मी पुढे खूप विचार केला. गोळी खोटी नव्हती. ती दिली नसती तर भागाबाईच्या पाठीचं काय झालं असतं हे मला सांगता येत नाही. पण सुमनने ती नुसती उवांसाठी दिली नव्हती. एकदा जाळलं होतं, आता पुन्हा कोणाच्या गाठोड्याला हात लावण्याचं तिला धैर्य नव्हतं. गोळीमुळे भागाबाईला झोप लागली तशी सुमनलाही लागली होती. आता दोघींची झोप गेली.

दुसऱ्या दिवशी गुरुवार नव्हता, तरी सुमन छपराकडे गेली. मी बरोबर होतो. ती भागाबाईच्या समोर तणसावर बसली आणि सरळ सांगितलं. गोळी पुन्हा देता येईल, पुन्हा बरं वाटेल, आणि पुन्हा होईल. गोधडीत लिखा आहेत.

भागाबाईने गोधडी मांडीवर घेतली. "मंग जाळ म्हनशीन."

"नाई म्हनत."

"ते मरते कायनं?"

"उकळत्या पान्यानं. चांगला अर्धा घंटा."

"आन कपडा?"

"कपडा राह्यते."

भागाबाई गोधडीवर वाकली. तिने गोधडीची एक शिवण अंगठ्याने उलटली, पाहिली, परत सारखी केली. मग ती जे बोलली त्याची आम्हा दोघांनाही कल्पना नव्हती.

"कोसा उकडते तसं."

तिच्या गावात घरोघर कोसा, म्हणजे टसर रेशमाचा धागा, काढत. सुमनला तो साडी म्हणून माहीत होता, मला पुस्तकातून. भागाबाईला तो हातांनी माहीत होता. लहानपणापासून तिने कोसाफळं उकळली होती, मांडीवर धागा वळला होता. पाणी किती तापवायचं, राख कधी टाकायची, फळ कधी काढायचं हे ती आम्हाला सांगू लागली. वर्षभरात आमच्याशी ती एवढं बोलली नव्हती.

"आतला किडा मरते, धागा नाई मरत," ती म्हणाली. "उभा जन्म तेच केलं म्या. मले काय सांगून राहिली तू?" आणि मग थांबून, सुमनकडे बघत, "उकडता येत होतं तं मांगच्या साली जाळलं काहून?"

तिने आवाज चढवला नाही.

"मले घाई झाली होती, मावशी."

भागाबाईने मान हलवली. मला वाटतं हे उत्तर तिला पटलं, कारण घाई तिला ठाऊक होती. घाई केली की धागा तुटतो, हे तिने नंतर आम्हाला चुलीपाशी बसून सांगितलंच.

तिने दोन अटी घातल्या. उकळायचं ते तिच्या डोळ्यांदेखत, ती भांड्यापासून हलणार नाही. आणि काठी तिच्या हातात राहील. मग तिला एक शंका आली.

"तवरीक नेसू काय? हवा?"

"माही साडी नेस."

"तुही? आन तुह्या साडीत गेल्या मंग?"

"तं ते बी उकडू."

रविवारी सकाळी आमच्या मागच्या वाडीत तीन विटा मांडल्या. वस्तीतून जयंतीच्या जेवणाचा मोठा गंज आणला, ज्यात दर वर्षी भात शिजतो. तो नेताना त्यात काय उकळणार ते सांगावं की न सांगावं असा मला प्रश्न होता; सुमनने सांगितलं, आणि परत करताना चिंच लावून घासून देईन असंही सांगितलं. गोधडी युरियाच्या रिकाम्या पोत्यात बांधून भागाबाईने स्वतः डोक्यावरून आणली. न्हाणीघरातून ती बाहेर आली तेव्हा तिच्या अंगावर सुमनची हिरवी साडी होती आणि वर हा तपकिरी स्वेटर. स्वेटरच्या बाह्या तिला लांब होत होत्या. ती पाटावर बसली, काठी घेतली आणि पाण्याला आधण येण्याची वाट पाहू लागली.

तणसाने चूल लवकर पेटते पण टिकत नाही. मी लाकडं सारत होतो. पाणी उकळायला लागल्यावर भागाबाईने आधी अंगावरून उतरवलेलं लुगडं आणि मग गोधडी थोडी थोडी आत सोडली, बटणांचा कोपरा शेवटी. पाणी आधी पिवळं, मग तांबूस, मग काळं झालं. वाफेला धुराचा, घामाचा, ओल्या तणसाचा वास होता. भिंतीपलीकडून शेजारीण डोकावली.

"काय शिजवून राहिले हो सिस्टर, एवढा वास सुटला?"

"गोधडी," भागाबाईच म्हणाली. "येता का जेवाले?"

शेजारीण आत गेली. भागाबाई हसली. तिचं हसणं मी पहिल्यांदा पाहिलं, पुढचे दोन दात नव्हते.

अर्धा तास झाल्यावर सुमन उठली. "झालं, मावशी. काढू."

"बस. घाई नोको करू."

सुमन बसली. दोघी गंजाकडे बघत बसल्या. उन्हाचा पट्टा भिंतीवरून खाली उतरेपर्यंत भागाबाई काठीने गोधडी दाबत, उलटत राहिली. मग ती म्हणाली, "आता हात लाव." एवढंच. सुमनने एक टोक धरलं, भागाबाईने दुसरं, आणि दोघींनी ती पिळली. मी बाजूला उभा होतो. सुमनच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ती धूर म्हणाली, मी हो म्हणालो.

गोधडी तीन दिवस भिंतीवर वाळली. भागाबाई रोज यायची, सुमनच्या साडीत, शिवणी उलटून बघायची. काखेची, गळ्याची, कमरेची हा कपड्यांचा क्रम सुमनचा होता. गोधडीचा क्रम भागाबाईचा, कडेकडून आत. मी दोन्ही शिकलो. चौथ्या दिवशी ती गोधडी घेऊन गेली. त्यानंतर दोन दिवसांनी ती साडी आणि स्वेटर घेऊन आली. कुठे, कोणाकडून भांडं मिळवलं कोण जाणे, पण दोन्ही उकळून, वाळवून, घडी करून.

सुमन म्हणाली, "ठेव नं, तुलेच देल्ली."

"माह्यापाशी ठेवली तं थंडीत दोनी अंगावरच चढन," भागाबाई म्हणाली. "तुह्यापाशी राहू दे. उकडाच्या दिवशी लागन."

मी जाड ग्रंथात वाचलं होतं की दुसरा जोड हवा. पण दुसरा जोड ठेवायला जागा हवी, भिंत हवी, पेटी हवी, हे त्यात नव्हतं. छपराखाली दुसरा जोड नावाची गोष्ट असूच शकत नव्हती. जे असेल ते सगळं पहिल्याच जोडाचा भाग व्हायचं. भागाबाईने आमच्या घरात तिची पेटी ठेवली, असं मी समजतो.

पुढे इतरांचेही कपडे आले. गोळीचा गुरुवार आणि लगेच उकळायचा रविवार असा क्रम लागला. किसन माझ्या पायजम्यात बसून राहायचा आणि विचारायचा, लायब्ररीत अशा पायजम्यावर नोकरी मिळते का. त्या हिवाळ्यानंतर उवा पूर्ण गेल्या असं मी म्हणणार नाही. कमी झाल्या, कधी आल्या, पुन्हा उकळल्या. दोन-तीन वर्षं हे चाललं. मग सुमनची बदली झाली, छपराखालची माणसं बदलत गेली, किसन एका पावसाळ्यात दिसेनासा झाला. गंज वस्तीत परत गेला. भागाबाई मात्र राहिली. सणावाराला ती सुमनला भेटायला यायची आणि दोघी मागच्या दारात बसून बोलायच्या. काय बोलायच्या मला माहीत नाही. मी वाचत असायचो.

सुमनच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी भन्ते आले, सुत्तपठण झालं, माणसं जेवली. नंतर सुमनची बहीण लता पेटीजवळ उभी राहून म्हणाली, "भाऊजी, ताईचे कपडे कोणाला देऊन टाका. घरात ठेवून त्रास होतो." तिचं बरोबर होतं. तिने चांगल्या मनाने सांगितलं. मी हो म्हणालो आणि पेटीला कुलूप लावलं. किल्ली मी अडीच महिने पुस्तकांच्या मागे ठेवली होती. त्या दिवसांत मला राखेत काडी फिरवणारी भागाबाई वारंवार आठवायची. तशी मी तिला कधी पाहिलं नव्हतं, सुमनने सांगितलं होतं, तरी दिसायची.

भागाबाईला बातमी उशिरा कळली. ती आली तेव्हा लता निघून गेली होती. ती ओसरीत बसली. मी चहा केला. मला तोवर दोन कप मांडायची सवय मोडता आली नव्हती, त्या दिवशी ते बरोबर झालं. तिने चहा संपवला आणि विचारलं, "तिचे कपडे?"

"आहेत. पेटीत."

"जाळू नोको."

"नाही."

"कोनाले देऊनबी नोको टाकू, घाईनं." तिने कप बाजूला सारला. "पर कोंबून नोको ठेवू, मास्तर. कपड्याले अंग लागते. नाई तं ऊन."

म्हणून मी पेटी उघडली. स्वेटर आणि साड्या दोरीवर टाकल्या. शिवणी पाहिल्या.

गेल्या शनिवारी भागाबाई एका बाईला घेऊन आली. चाळिशीची, छपराखाली नवी. मान खाली, एक हात सारखा कमरेशी. त्या हाताकडे पाहून मला कळलं. भागाबाई म्हणाली, "हिले दवाखान्यातल्या नव्या बाईनं गोळी देल्ली. उद्या उकडाचं हाये. गंज आन."

मी वस्तीत जाऊन गंज आणला. रविवारी सकाळी विटा मांडल्या. पाणी तापायला ठेवलं आणि भागाबाई माझ्याकडे बघत थांबली. ती बाई न्हाणीघराच्या दाराशी उभी होती. तिला नेसायला काही नव्हतं.

मी आत गेलो. पेटीपुढे मी किती वेळ उभा होतो सांगता येणार नाही. बाहेरून कोणी हाक मारली नाही, कोणी घाई केली नाही. हिरवी साडी वरच होती. मी ती घेतली, बाहेर आलो आणि न्हाणीघराच्या कडीला अडकवली.

भागाबाई काठी घेऊन चुलीपाशी बसली. आता तिला नीट दिसत नाही, म्हणून पाण्याला आधण आलं का हे मी सांगत होतो. ती बाई हिरव्या साडीत पायरीवर बसली, ऊन अंगावर घेत. हळूहळू तिचा कमरेवरचा हात मांडीवर आला. मी त्या साडीकडे पाहिलं. अडीच महिने मला ज्याची भीती वाटत होती तसं काही झालं नाही. ती सुमन दिसली नाही. ती साडी नेसलेली एक बाई होती आणि तिच्या अंगावर ती नीट बसली होती.

बुधवारी तिने साडी परत आणली. घडी थोडी वेगळी घातलेली, चार ऐवजी तीन पदरी. मी ती तशीच ठेवली.

घरात आता सुमनचा एक स्वेटर आणि सात साड्या आहेत. सहा पेटीत असतात. एक बाहेर असते, उकळायच्या रविवारसाठी.